नवी यंग रेड वाइन: चाखायची कशी आणि तिच्यावर वाद घालायचा कसा (सोलापूरच्या उन्हात, सोलापूरच्या तिखटासोबत)

यंग रेड म्हणजे काय ते आधी साफ करून घेऊ, कारण अर्धे वाद तिथेच चुकीच्या रस्त्याला लागतात. द्राक्षं तोडली, आंबवली आणि ओक लाकडाच्या पिंपात वर्षभर न ठेवता, बहुतेक स्टीलच्या टाकीतच ठेवून, वर्षाच्या आत बाटलीत भरून दुकानात पाठवली, ती यंग रेड. तिच्याकडून जुन्या वाइनचं काम मागायचं नाही. चामडं, तंबाखू, सुका मेवा, व्हॅनिला असले वास तिच्यात शोधत बसायचं नाही, तिच्यात बघायचं ते ताजं फळ, आंबटपणाची धार आणि तोंडात शिरल्यावर ती किती जिवंत वाटते ते. माझं ठाम मत आहे की आपल्या सोलापुरात, जिथे एप्रिल-मे मधे पारा ४० च्या वर सहज जातो आणि जेवणात काळा मसाला, लसूण, शेंगदाणा असतोच असतो, तिथे महागड्या जड रेडपेक्षा चांगली यंग रेड जास्त जमते, फक्त ती नीट गार करून, नाव झाकून, आधी नुसती आणि मग आपल्या जेवणासोबत चाखली पाहिजे. यातलं एक जरी सुटलं तरी निकाल चुकतो.

थोडी माहिती, म्हणजे वाद घालताना हातात काहीतरी असेल. जगात यंग रेडचं सगळ्यात गाजलेलं नाव बोजोले नूवो, फ्रान्सची, गामे नावाच्या द्राक्षाची. दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती बाजारात येते, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास तोडलेली द्राक्षं दोन-अडीच महिन्यात ग्लासात. हे एवढं लवकर जमतं कारण तिथे द्राक्षं चिरडत नाहीत, अख्खे घड बंद टाकीत टाकतात, टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि आंबायची सुरुवात मण्याच्या आतच होते. याला कार्बोनिक मॅसरेशन म्हणतात. यात साल आणि बी मधला तुरटपणा कमी उतरतो, रंग आणि फळाचा वास मात्र येतो, आणि सोबत केळं, बबलगम असले वास पण येतात. नेहमीच्या रेडमधे द्राक्ष चिरडून सालीसकट आंबवतात, म्हणून तुरटपणा जास्त, आणि म्हणूनच तिला मऊ व्हायला वेळ लागतो. तर बाटली उघडल्यावर केळ्याचा वास आला तर वाइन खराब आहे असं म्हणू नका, ती कशी केलीय ते तो वास सांगतोय.

आपल्याकडचं कॅलेंडर मात्र उलटं. महाराष्ट्रात वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च मधे तोडतात, लाल जाती जरा उशिरा. म्हणजे युरोपात लोक नवी वाइन पित असतात तेव्हा आपल्या वेलींवर अजून त्या हंगामाचे घड पोसतायत. आणि हो, आपण सोलापूरवाले द्राक्षाचेच लोक आहोत, सोनाका आणि शरद सीडलेस या जाती नान्नजच्या नानासाहेब काळ्यांच्या बागेतून आल्या, पण ती खायची द्राक्षं. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि साखर खायच्या द्राक्षापेक्षा बरीच जास्त, २२ ते २५ ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप) पर्यंत जाऊ देतात. आणि वाइनसाठी नाशिकलाच जायला पाहिजे असं पण नाही, आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूजला फ्रातेली या वाइन कंपनीचे मळे आहेत, मोहिते-पाटील घराणं आणि इटालियन भागीदार मिळून उभं केलेलं काम, सुरुवातीला वाइनमेकर पिएरो मासी हे इटलीचे, आणि सांजोवेजे हे इटलीचं द्राक्ष त्यांनी आपल्या मातीत लावलं. म्हणून चाखायला बसताना निदान एक बाटली जिल्ह्यातली ठेवा असा माझा आग्रह असतो, अभिमानाचा भाग आहेच पण मुद्दा वेगळा आहे, त्या वाइनने सोसलेलं ऊन आपल्याला माहिती आहे.

आता खरेदी. वय २१ पूर्ण पाहिजे आणि परमिटचा नियम आहे, दुकानात विचारलं की सांगतात. बाटली हातात घेतली की आधी व्हिंटेज बघा, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष. मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याची तारीख असते ती वेगळी गोष्ट, नुसती ती ताजी आहे म्हणून आतली वाइन यंग आहे असं होत नाही. रिझर्व्ह लिहिलंय, ओक, बॅरल लिहिलंय तर ती बाजूला ठेवा, आज तिचा दिवस नाही. जाती बघायच्या तर शिराझ, झिनफंडेल, सांजोवेजे, मर्लो या यंग असताना बऱ्या लागतात, कॅबर्ने सॉविन्यों यंग असताना बऱ्याचदा फार कडक असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उन्हाळ्यात दुकानाच्या काचेत उभी असलेली बाटली कधीच घेऊ नका, आतल्या गोडाऊनमधल्या बॉक्समधली मागा. बूच थोडं वर उचललेलं दिसतंय किंवा वरच्या आवरणाखाली चिकट ओघळ आलाय तर ती बाटली तापलेली आहे, परत ठेवा. तापलेल्या वाइनचं फळ शिजल्यासारखं लागतं, मुरांब्याच्या अंगाने जातं, आणि यंग रेडमधे फळ गेलं की राहतंच काय. स्क्रू कॅप असेल तर स्वस्तातली समजू नका, यंग वाइनला तेच झाकण उत्तम आहे, बुचाची बाधा व्हायचा प्रश्नच बराचसा मिटतो.

गार करायचं बघू. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची हे सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, पण ती रूम थंड देशातली, १६ ते १८ डिग्रीची. आपली जुळे सोलापुरातली वरच्या मजल्यावरची खोली मे महिन्यात रात्री दहाला सुद्धा तीस-बत्तीसच्या खाली येत नाही. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढतो, फळ दबतं, वाइन लोळागोळा लागते. यंग हलकी रेड १२ ते १४ डिग्रीला द्या, जरा भरीव असेल तर १५-१६. सोपा मार्ग म्हणजे आदल्या रात्री फ्रीजमधे ठेवायची आणि ओतायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढायची. ऐनवेळी बाटली आणली असेल तर बादलीत निम्मं पाणी निम्मा बर्फ आणि मूठभर मीठ, त्यात पंधरा-वीस मिनिटं, नुसत्या बर्फापेक्षा हे कितीतरी लवकर गार करतं कारण पाणी बाटलीला सगळीकडून लागतं. फ्रीजरमधे ठेवून विसरू नका. ग्लासात बर्फाचा खडा टाकायचा तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, पाणी मिसळलेल्या वाइनवर मत देताच येत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात, जानेवारीत, हवाच गार असते, तेव्हा फ्रीजमधे अर्धा-पाऊण तास पुरतो आणि मला विचाराल तर असं चाखायला बसायला तोच सीझन.

मंडळी पाच-सहा ठेवा, बाटल्या तीन, फार तर चार. ७५० मिलीच्या बाटलीत पन्नास-पन्नास मिलीचे पंधरा घोट-ग्लास निघतात, म्हणजे सहा जणांना दोनदा देऊन पण दुसऱ्या दिवसासाठी उरते, ती का उरवायची ते शेवटी सांगतो. ग्लास काचेचे, तळाशी रुंद वर निमुळते, आणि सगळ्यांचे एकसारखे, कारण ग्लास बदलला की वास बदलतो आणि मग माणसं ग्लासावर भांडतात. भांडी घासायच्या साबणाचा वास ग्लासात राहतो, गरम पाण्याने नुसते खळबळून उलटे ठेवा. खोलीत अगरबत्ती नको, कुणी अत्तर लावून यायचं नाही, मोगऱ्याचा गजरा बाहेरच्या खोलीत, आणि स्वयंपाकघरात लसणाची फोडणी असेल तर ती चाखणं संपल्यावर. हे कडक वाटेल पण वास गेला की निम्म्याच्या वर चव गेली.

बाटल्या झाकायच्या. वर्तमानपत्र गुंडाळून रबर लावा नाहीतर जुने मोजे चढवा, वर अ, ब, क लिहा, आणि हे काम करणारा माणूस त्या फेरीत मत देणार नाही. नाव दिसलं, किंमत दिसली की जीभ ऐकत नाही, हे भल्याभल्यांचं होतं. त्या तिनातली एक बाटली मुद्दाम वेगळी ठेवा, म्हणजे दोन नव्या रेड आणि एक ओक लागलेली, समजा फ्रातेलीची सेत्ते, जी सांजोवेजे आणि कॅबर्ने सॉविन्यों मिळून करतात आणि ओकमधे ठेवतात. समोर तुलना असली की नवी म्हणजे काय ते तोंडालाच कळतं, समजावून सांगावं लागत नाही. आणि हातात एक रिकामा तांब्या ठेवा थुंकायला. थुंकणं म्हणजे वाइनचा अपमान नाही, चार वाइन गिळल्यावर पाचव्याबद्दल तुम्ही जे बोलाल त्याला किंमत नसते. गाडीवर आलेल्याने तर थुंकायचंच, आणि तरी घरी जाताना रिक्षा.

ग्लास एक तृतीयांश भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला जांभळी झाक दिसली तर वाइन नवी, विटकरी झाक आली असेल तर एकतर वय झालंय नाहीतर उन्हाने वय वाढवलंय. ग्लासाच्या आतून ओघळणारे थेंब दाखवून वाइन भारी आहे सांगणारा एकजण असतोच, ते थेंब अल्कोहोलचं सांगतात, दर्जाचं नाही. बघण्यात एवढं पुरे.

वासावर वेळ घालवा. पहिला वास ग्लास न हलवता घ्यायचा, मग दोन-चार वेळा गोल फिरवून दुसरा. पहिल्या वासात जळलेल्या काडेपेटीचा किंवा किंचित उग्र गंधकाचा वास आला तर घाबरू नका, नुकत्याच बाटलीत भरलेल्या वाइनमधे होतं ते, काचेच्या भांड्यात ओतून दहा मिनिटं हवा लागू द्या, बहुतेक वेळा निघून जातो. मग फळं शोधा आणि फळं आपली शोधा. पुस्तकातली ब्लॅककरंट आणि बॉयझनबेरी आपण कधी खाल्लेली नाही तर त्यांची नावं घेऊन काय उपयोग, जांभूळ, करवंद, तुती, आलुबुखार, डाळिंब हे आपल्याला झोपेत ओळखता येतं. डाळिंब म्हणताना पण नेमकं बोला, ताजा दाणा फोडल्यावरचा वास की दाण्यामधल्या पांढऱ्या पडद्याचा, कारण पडद्याचा वास आला तर चव पण तशीच तुरट-कडवट निघायची शक्यता. शिराझमधे काळी मिरी येते, ती खरोखरच मिरीतल्याच एका द्रव्यामुळे येते, रोटंडोन नाव त्याचं, सालीतच असतं. कॅबर्नेच्या घराण्यात हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला तर द्राक्ष पूर्ण पिकायच्या आधी तोडलंय असं म्हणायला जागा आहे, थोडा असेल तर छान वाटतो, जास्त असेल तर बाकी सगळं झाकतो.

दोषाचे वास वेगळे ओळखायला शिका कारण वाद इथेच जास्त होतात. ओलं पोतं, भिजलेला पुठ्ठा, तो बुचाचा दोष, हवा देऊन जात नाही, उलट वाढतो, ती बाटली बाद. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर, ती वाइन आंबून पुढे गेलीय. घोड्याच्या तबेल्याचा किंवा बँडेजचा वास ब्रेट नावाच्या यीस्टचा, जुन्या रेडमधे काही लोक थोडासा चालवून घेतात, यंग रेडमधे मी तरी चालवून घेत नाही, कारण फळ दिसायच्या जागी तो उभा राहतो.

आता घोट. छोटा नको, तोंड भरेल एवढा घ्या, चूळ भरल्यासारखा सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून हवा आत ओढा, आवाज होईल, होऊ द्या. मग एकेक गोष्ट वेगळी पकडा. गोडी आहे का? आपल्याकडे वाइन म्हटलं की कित्येकांच्या डोक्यात पोर्ट असते, गोड, सरबतासारखी, म्हणून कोरडी रेड पहिल्या घोटाला आंबट लागते, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जीभ जुळवून घेते, म्हणून पहिल्या घोटावर मत द्यायचं नाही. आंबटपणा मोजायचा तर घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर तोंड खाली करा, लाळ किती सुटते ते बघा. तुरटपणा जिभेवर नाही, हिरड्यांवर आणि गालाच्या आत शोधा, कच्च्या सुपारीने होतं तसं तोंड कोरडं पडतं का, आणि ते कोरडेपण बारीक आहे का खरखरीत. अल्कोहोल घशात जळजळ करतो का, लेबलवर १३.५ लिहिलंय आणि जाणवत नसेल तर वाइनमेकरने तोल साधलाय. शेवटी चव किती वेळ राहते ते मनात आकडे मोजत बघा. यंग रेडमधे ती फार लांब नसते, पण जेवढी राहते तेवढी फळाची राहिली पाहिजे, कडू शेपूट राहिलं तर मार्क कापा.

आपल्या वाइनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवून चाखा. घड पिकायच्या शेवटच्या टप्प्यात, फेब्रुवारी-मार्चमधे, ऊन चढत जातं, साखर भराभर वाढते आणि आंबटपणा भराभर उतरतो. म्हणून गरम भागातल्या रेड बऱ्याचदा अल्कोहोलला भरीव आणि आंबटपणाला बोथट होतात, वाइनरीत टार्टरिक अ‍ॅसिड घालून तोल सावरायची पद्धत जगभर आहे. तर ज्या वाइनमधे फळ पिकलेलं आहे आणि तरी धार टिकलीय तिला मी जास्त मानतो, कारण त्यामागे तोडणीचा दिवस अचूक धरायची मेहनत आहे.

दोन वाइनच्या मधे पाणी आणि कडक भाकरीचा तुकडा, नुसता, काही न लावता. ज्वारीची कडक भाकरी तोंड इतकं स्वच्छ करते की मला दुसऱ्या कुठल्या बिस्किटाची गरज वाटत नाही. शेंगा चटणी मात्र पहिल्या फेरीत टेबलावर आणायचीच नाही.

ती दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीचे मार्क लिहून झाले की त्याच वाइन, त्याच क्रमाने, जेवणासोबत. शेंगा चटणीत मीठ आहे, शेंगदाण्याचं तेल आहे, तिखट आहे, आणि तिन्ही वाइनला वेगळं वागवतात. मिठाने कडवटपणा आणि तुरटपणा कमी वाटतो. सोबतच्या मटणाच्या चरबी-प्रोटीनने टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, धरलं जातं, वाइन मऊ होते. तिखटाने उलट होतं, अल्कोहोलची जळजळ वाढते आणि टॅनिन जास्त टोचतं. म्हणून काळ्या मसाल्याच्या मटण रश्श्यासोबत पहिल्या फेरीत जिंकलेली १४ टक्क्याची ओकवाली रेड धडपडते आणि पहिल्या फेरीत साधी वाटलेली गार यंग रेड, कमी टॅनिन, भरपूर फळ, सहज पुढे जाते. मी माझ्या मंडळींत हे बघत आलोय आणि दरवेळी कुणीतरी नवीन माणूस चकित होतो. शिकरण-पोळी किंवा हुग्गी मात्र सोबत ठेवू नका, गोडासमोर कोरडी वाइन फार आंबट लागते.

आता वाद. पहिला नियम, कागद भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस पहिला बोलला की बाकीच्यांची जीभ त्याच्या मागे जाते, आणि ग्रुपमधे कुणी अण्णा असतील ज्यांचा सगळे मान ठेवतात, त्यांनी तर सगळ्यात शेवटी बोलायचं. कागदावर दोन रकाने वेगळे, एकात मला आवडली का, दुसऱ्यात चांगली केलीय का. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मं भांडण मिटतं आणि उरलेलं निम्मं मजेशीर होतं. मला पिकलेल्या जांभळाचा वास आवडत नसेल पण तो स्वच्छ आणि भरपूर आहे हे मला मान्य करता आलं पाहिजे.

दुसरा, मताला पुरावा द्या. "का बे, यात काय दमच नाही" हे मत नाही. दम नाही म्हणजे काय कमी आहे, आंबटपणा, टॅनिन, अल्कोहोल, की चव लवकर संपते? तसं विचारलं की बोलणारा परत घोट घेतो, परत शोधतो, आणि बऱ्याचदा त्याला सापडतं की त्याला टॅनिनची सवय आहे आणि ते इथे कमी आहे. मग प्रश्न बदलतो, या वाइनला एवढं टॅनिन असायला पाहिजे होतं का? हा खरा वाद, यावर तास घालवा.

काही वाद ठरलेले येतात. नवी वाइन म्हणजे कच्ची वाइन, हा पहिला. कच्ची म्हणजे तिच्यात काहीतरी अर्धवट राहिलंय, यीस्टचा वास, गॅसची बारीक चुरचुर, हिरवट कडूपणा. नवी म्हणजे तिचं सगळं पूर्ण झालंय आणि ती आत्ता प्यायची आहे. दोन्ही ग्लास शेजारी असले की फरक दाखवता येतो. दुसरा किंमतीचा, "एवढ्या पैशात व्हिस्की आली असती की". त्याला उत्तर देत बसू नका, झाकलेल्या बाटल्यांच्या किमती आधी सगळ्यांकडून लिहून घ्या आणि मग बाटलीवरचं झाकण काढा, अंदाज आणि खरी किंमत समोरासमोर आली की लोक स्वतःच बोलायला लागतात. तिसरा, परदेशी विरुद्ध आपली. इथे मी पक्षपात करत नाही, आपली म्हणून दोन मार्क जास्त नाहीत आणि परदेशी म्हणून पण नाहीत. फक्त हे लक्षात ठेवा की नूवो प्रकारची बाटली फ्रान्सहून इथे येईपर्यंत प्रवास आणि ऊन तिच्या अंगावर पडलेलं असू शकतं, ती मुळात ताजी असतानाच प्यायची वाइन आहे, तर तुम्ही वाइनला मार्क देताय की प्रवासाला, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मतं फुटली आणि तीन विरुद्ध तीन झालं तर एक सोपी परीक्षा आहे. तीन ग्लास, दोनात एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, ओतणाराच फक्त जाणतो. या दोन वाइनमधे जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणणाऱ्याने वेगळा ग्लास ओळखून दाखवायचा. ओळखला तर त्याचं मत वजनदार, नाही ओळखला तर फरक एवढा मोठा नाही हे त्याला पण कळलं.

आणि चौथा वाद, ही ठेवून दिली तर सुधारेल का. हा त्या रात्री मिटत नाही, म्हणून तर बाटलीत थोडी उरवायला सांगितली. प्रत्येक बाटलीत तळाला निदान शंभर-दीडशे मिली ठेवून झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमधे उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत १४ डिग्रीला आणून चाखा. रात्रभरात हवेने जे केलं त्यावरून अंदाज येतो. फळ अजून आहे आणि टॅनिन मऊ झालंय तर त्या वाइनला वर्ष-दोन वर्षं द्यायला हरकत नाही, अर्थात गार अंधाऱ्या जागी, सोलापूरच्या माळ्यावर नाही. फळ गेलंय, नुसता आंबटपणा आणि अल्कोहोल उरलाय, सफरचंद कापून ठेवल्यावर येतो तसला वास येतोय, तर ती याच वर्षी संपवायची वाइन, बाकीच्या बाटल्या दिवाळीपर्यंत उघडून टाका. आदल्या रात्रीच्या कागदावरच दुसऱ्या दिवसाचं मत वेगळ्या पेनाने लिहा, व्हिंटेजचं वर्ष ठळक लिहा आणि कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच वाइनरीची नवी बाटली आली की आधी हा कागद न बघता चाखायची आणि मार्क देऊन झाल्यावरच काढायचा.